शौकीन तुम्ही, हौशी आम्ही

31 डिसेंबरच्या रात्री मौज करायला घराबाहेर पडलेला मराठी माणूस दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कुठल्या नावाने छापून येणार, हे तो कुठे सापडतो यावर ठरतं. लोणावळ्याच्या वाहतूककोंडीत सापडला तर 'पर्यटक'. गड चढताना सापडला तर 'हौशी पर्यटक'. त्याच गडावर पाय घसरून कड्यात अडकला आणि गावकऱ्यांना दोर टाकून काढावा लागला, तर 'अतिउत्साही पर्यटक'. ताटावर बसलेला सापडला तर 'खवय्या'. आणि नाकाबंदीत पोलिसांच्या नळीत फुंकर मारून सापडला, तर 'तळीराम'. गडकऱ्यांनी 'एकच प्याला'त तळीराम नावाचं पात्र घातलं त्याला शंभरावर वर्षं झाली. नाटकाचा नायक सुधाकर. त्याची आज कुणी आठवण काढत नाही. तळीराम मात्र वाहतूक शाखेच्या कृपेने दर नव्या वर्षी पहिल्या पानावर असतो. दुय्यम पात्राचं इतकं भाग्य मराठी रंगभूमीवर दुसऱ्या कुणाचं उजळलेलं नाही.

मौजेच्या मागे लागलेल्या माणसासाठी मराठीत शब्दांची वानवा कधीच नव्हती. रंगेल, विलासी, चैनी, छंदीफंदी, ऐषआरामी, गुलछबू, नादिष्ट, शौकीन. गेल्या तीसेक वर्षांत त्यात 'चंगळवादी'ची भर पडली. गंमत अशी की यातला एकही शब्द माणूस स्वतःला लावून घेत नाही. 'मुलगा रंगेल, छंदीफंदी, स्वतःचा फ्लॅट' अशी स्थळाची जाहिरात अजून माझ्या पाहण्यात नाही. तिथे सगळे निर्व्यसनी असतात. चंगळवादी तर नेहमीच शेजारचा. त्याने गाडी बदलली की समाज चंगळवादाकडे झुकला आणि आपण बदलली की जुनी फारच त्रास देत होती.

मराठी माणूस मौज करत नाही असं नाही. तो भरपूर करतो. पण मौज केली असा आरोप त्याला सहन होत नाही. म्हणून मौजेला त्याला काहीतरी सबब लागते. सबबींत सर्वांत चालणारी म्हणजे प्रकृती. भोगीच्या दिवशी तिळाची बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, पावटा-गाजर-वांगी-हरभरा घातलेली ती दाट भाजी असा बेत असतो. नुसतं 'छान लागतं म्हणून खा' म्हणून भागलं असतं. पण नाही. 'न खाई भोगी तो सदा रोगी.' म्हणजे जिभेचे चोचले पुरवायचे, पण औषध म्हणून.

त्यात भोग हा शब्द आपण कसा वापरतो तेही पाहा. सुख भोगणे हे व्याकरणात बरोबर आहे, पण बोलण्यात कुणाच्या तोंडी येतं? आपण शिक्षा भोगतो, तुरुंगवास भोगतो, मागच्या जन्मीचं भोगतो. "काय भोग आहेत बाई!" हे वाक्य कानावर आलं तर कुणी महाबळेश्वरला चाललंय असा समज होत नाही. उपभोगासाठी जन्माला आलेलं क्रियापद आपण सबंध दुःखाकडे वर्ग करून टाकलं आहे.

सरकार शेवटी आपलंच असल्यामुळे तेही याच चालीवर चालतं. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांतल्याही पुष्कळांना ठाऊक नसतं. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा, नाव बदलून, अजून लागू आहे. परवाना एक दिवसाचा मिळतो, एक वर्षाचा मिळतो आणि आजीवन मिळतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा 5 रुपयांत. आता या परवान्यावर कारण काय असतं? मौज? मित्राची बढती? भारताने सामना जिंकला? छे. प्रकृतिस्वास्थ्य टिकवण्यासाठी! कायद्याच्या नजरेत महाराष्ट्रातल्या बारमध्ये रात्री अकरा वाजता एकही शौकीन बसलेला नाही. सगळे आपापलं स्वास्थ्य टिकवत बसलेले आहेत. काही जण तर ते इतक्या नेटाने टिकवतात की त्यांना घरी नेऊन सोडावं लागतं. आणि जे 'आजीवन' आहे ते नेमकं किती, हे परवान्यापेक्षा यकृताला जास्त माहीत असतं.

याच सरकारचा करमणुकीवर करही होता, 1923 च्या कायद्याने. जिल्हाधिकारी कचेरीत त्यासाठी करमणूक कर निरीक्षक नावाचा अधिकारी असे. सबंध जिल्ह्यात कोण किती रमलं याची नोंद ठेवणारा हा माणूस स्वतः कधी हसलेला पाहिल्याचं कुणी सांगत नाही. हातात वही घेऊन तो केबलच्या जोडण्या मोजत फिरे. 2017 मध्ये जीएसटी आला, त्याने हा कर पोटात घेतला आणि मराठी प्रशासनातलं सर्वांत विनोदी पदनाम इतिहासजमा झालं.

आता मुद्द्याच्या शब्दाकडे येतो. वर जी यादी दिली त्यात एक शब्द मुद्दाम घातला नव्हता, तो म्हणजे हौशी. सगळ्या रंगेल-विलासी गोतावळ्यात हा एकच निर्दोष सुटलेला. हौशी माणसाला मुलगी देतात. हौशी सून मिळाली म्हणून सासू चारचौघांत सांगते. डोहाळजेवणात मुलीला फुलांची वाडी भरतात, झोपाळ्यावर बसवतात, चांदण्यात जेवायला घालतात, ती सगळी हौस. चोळीच्या खणापासून मंगल कार्यालयातल्या आइस्क्रीमच्या तिसऱ्या प्रकारापर्यंत काहीही 'हौसेनं केलं' म्हटलं की बिल कुणी विचारत नाही. विचारलंच तर हौसेला मोल नाही ही म्हण तयार.

आणि हा सोज्वळ शब्द आला कुठून? अरबी-फारसीतल्या 'हवस'मधून. हिंदीत त्याचं काय झालं ते हिंदी सिनेमा पाहिलेल्याला सांगायला नको. तिथे हवस खलनायकाच्या डोळ्यांत असते आणि पोलीस वेळेवर येत नाहीत. मराठीत तीच हवस नऊवारी नेसून, नथ घालून, हळदीकुंकवाला बसली.

इंदूरला स्थायिक झालेल्या आमच्या एका मावशीला या सोयरिकीची कल्पना नव्हती. शेजारच्या दुबे आंटींना ती लेकीच्या डोहाळजेवणाचं बोलावणं करायला गेली. आंटी म्हणाल्या, इतना सब क्यों करना, दीदी? मावशी म्हणाली, "लड़की की हौस पूरी नहीं करेंगे तो किसकी करेंगे?" आंटींच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मावशीला वाटलं, पटतंय. ती पुढे म्हणाली, "और हमारे इनको तो मुझसे भी ज़्यादा हौस है. इस उम्र में भी. सुबह पाँच बजे उठते हैं." काकांची हौस गुलाबाची होती. गच्चीवर कुंड्या होत्या. पण ती माहिती पोचायच्या आत दुबे आंटी आत चहा टाकायला गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

उलट बाजूने पाहिलं तरी गोंधळ तेवढाच. पैसे न घेता नाटक करणाऱ्याला हिंदीत 'शौकिया' कलाकार म्हणतात. मराठीत एखाद्याला 'तसा जरा शौकीन आहे' म्हटलं की ऐकणारा आवाज खाली आणतो आणि विचारतो, "रोज?" पानाच्या गादीवर, तमाशाच्या फडावर, घोड्याच्या शर्यतीला शौकीन भेटतो. रंगमंचावर भेटतो तो हौशी. दोन बहिणींनी अरबी बाजारातून दोन शब्द आणले आणि घरी येताना पिशव्यांची अदलाबदल झाली.

हौस इतकी स्वच्छ का राहिली? माझं मत असं की तिच्यात दमणूक असते. शौकीन माणूस बसतो, हौशी माणूस धावतो. शौकीनाला कुणीतरी आणून देतं, हौशी स्वतः आणायला जातो आणि येताना रिक्षा मिळत नाही. खिशातले पैसे घालून, घामाघूम होऊन, वर लोकांची बोलणी खाऊन जे सुख मिळतं तेवढं आपल्याला चालतं. म्हणून पावसात भिजून ताप आणणाऱ्या पोराला आई जे विचारते त्यातही हाच शब्द असतो. "फिटली हौस?" कर्ज फिटतं तशी हौस फिटते.

हौशी रंगभूमीचंच पाहा. महाराष्ट्र शासनाची राज्य नाट्य स्पर्धा भरते, तिच्या नावातच 'हौशी' आहे. सरकारी कागदावर हौस हा शब्द अधिकृतपणे आणि शिक्क्यासकट येतो अशी दुसरी जागा मला आठवत नाही. या नाटकांतला सोफा पाहावा. तो दिग्दर्शकाच्या घरचा असतो. केंद्रावर प्रयोग असला की तो टेम्पोत चढतो आणि दोन दिवस घरची मंडळी सतरंजीवर बसतात. नाटकातल्या श्रीमंत उद्योगपतीच्या दिवाणखान्यात ज्या जागी डाग दिसतो तिथे दिग्दर्शकाच्या धाकट्याने कधीतरी बोर्नव्हिटा सांडलेलं असतं. नायक बँकेत असतो, त्याला रजा मिळालेली नसते. नायिका शिक्षिका, तिच्या पर्समध्ये सहामाहीचे पेपर. रंगीत तालमीला खलनायक येत नाही, कारण त्याच्या सोसायटीत पाण्याचा टँकर आलेला असतो. बक्षीस मिळालं तर ते टेम्पोच्या भाड्यात जातं.

आणि याच हौसेतून काय निघेल याचा नेम नसतो. 16 डिसेंबर 1972 ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला, तो पीडीए म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या हौशी संस्थेचा. नाटक तेंडुलकरांचं, दिग्दर्शक जब्बार पटेल, म्हणजे लहान मुलांचे डॉक्टर. नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. याच संस्थेत आधीच्या पिढीत श्रीराम लागू होते, ते कान-नाक-घशाचे शल्यविशारद. प्रेक्षकांत कुणाला भोवळ आली तर 'कुणी डॉक्टर आहे का' हे विंगेकडे तोंड करून विचारायचं, अशी परिस्थिती. त्या नाटकातले पुण्याचे ब्राह्मण रात्री बायकांना चुकवून बावनखणीत जातात. बावनखणीत जाणारे रंगेल, त्यांची सोंगं आणणारे हौशी. दोघांनाही घरी परतायला उशीर होत असे आणि दोघांनाही दारात तोच प्रश्न विचारला जात असणार.

सध्या हौसेचं मोठं पीक कराओकेचं आहे. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक, कुठेही जा. महिन्याच्या एखाद्या रविवारी छोटं सभागृह भाड्याने घेतलेलं असतं. मागे फलकावर रफी, किशोर, मुकेश यांची चित्रं आणि त्यांच्याहून थोडा मोठा आयोजकाचा फोटो. गाणारा स्वतः वर्गणी भरतो, त्यात त्याला दोन गाणी मिळतात. एक एकट्याचं आणि एक युगुलगीत. युगुलगीतात पुरुष गायकांची संख्या जास्त असल्यामुळे एकच वहिनी सात जणांबरोबर गाते आणि चहाच्या वेळेपर्यंत तिचा आवाज बसतो. श्रोते म्हणजे ज्यांची पाळी यायची आहे ते. त्यांच्या मोबाइलवर शब्द उघडलेले असतात, ओठ हलत असतात आणि टाळ्या तेवढ्या बिनचूक पडतात. सेवानिवृत्त कार्यकारी अभियंता डोळे मिटून आळवायला लागतात तेव्हा साउंडवाला पोरगा एको वाढवतो. एको हे हौशी गायकाचं चिलखत आहे. सूर जिथे लागायला हवा होता तिथून त्याचे पाचसहा प्रतिध्वनी निघून जातात, त्यातला एखादा तरी बरोबर असतो. पहिला अंतरा संपतो, मधलं संगीत वाजतं आणि दुसऱ्या अंतऱ्याला साहेब नेहमीप्रमाणे अर्धी मात्रा आधी शिरतात. ट्रॅक काही त्यांच्यासाठी थांबत नाही. नोकरीत ज्यांच्यासाठी आख्खं खातं थांबायचं, त्यांना हे पचायला वेळ लागतो. मिसेस पहिल्या रांगेत बसून चित्रीकरण करतात. ते फॅमिली ग्रुपवर जातं आणि सुना अंगठा दाखवतात. मला हे सगळं मनापासून आवडतं. बेसूर माणूस आनंदात असेल तर त्याला सुरात असलेल्या दुःखी माणसापेक्षा मी दोन गुण जास्त देईन. अर्थात शेजारी राहायला नको.

कोल्हापुरात हौस या शब्दाने भागत नाही. तिथे नाद असतो. नादाला लागला हे उरलेल्या महाराष्ट्रात बिघडल्याचं लक्षण. कोल्हापुरात त्याला 'खुळा' जोडला की ती शाबासकी होते. दिवाळीच्या पाडव्याला तिथे म्हशी नटतात. अंग भादरून, धुऊन, तेल लावून काळंभोर चमकवलेलं. शिंगं घासून रंगवलेली, त्यांना मोरपिसं. गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात घुंगरू. मालक मोटारसायकलवर बसतो. तिचा सायलेन्सर काढलेला असतो, कारण म्हैस त्या फटफटीच्या आवाजावर धावते. मालक पुढे, म्हैस मागे, दोन्ही बाजूंना गर्दी, शिट्ट्या. आपल्या मालकाची गाडी कोणती हे म्हशीला कळतं आणि ती दुसऱ्याच्या मागे जात नाही, यावर बोलताना माणसं भावुक होतात. या म्हशीवर खुराकापासून सजावटीपर्यंत जे उडतं ते दुधातून वसूल होतं का, असं मी एका मालकाला विचारलं. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, "पाव्हणं पुण्याचं दिसत्यात."

जत्रेला माणसं तीन प्रकारची येतात असं आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. हौशे, नवशे आणि गवशे. नवशे नवस फेडायला येतात, म्हणजे देवाशी त्यांचा व्यवहार असतो. मुलगा झाला, पाळणा वाहिला, हिशेब चोख. गवशांचा व्यवहार माणसांशी असतो. गर्दीत काही गवसतं का ते पाहायचं, पाकीट नाही तर निदान बऱ्या मापाच्या चपला. हौशे मात्र उगाच आलेले. त्यांना देवाकडे काही मागायचं नाही, कुणाच्या खिशात हात घालायचा नाही. पाळण्यात बसायचं, शेव-रेवडी घ्यायची, पिपाणी वाजवायची, उन्हात डोकं चढवून परतायचं. म्हण रचणाऱ्याने त्यांचा नंबर पहिला लावला आहे, तो केवळ यमकासाठी असेल असं मला वाटत नाही. नवशे आणि गवशे यांच्या जिवावर देवस्थान आणि पोलीस चौकी चालते. जत्रा मात्र हौशांच्या जिवावर चालते.

आता हे त्रिकूट जत्रेपेक्षा निवडणुकीत जास्त ऐकू येतं. अर्ज भरायची मुदत संपली की बातमी ठरलेली, हौशे-नवशे-गवशे सगळे रिंगणात. नवशाला मोठ्या साहेबांनी शब्द दिलेला असतो, गवशाला माघारीच्या दिवशी काय गवसतं ते पाहायचं असतं आणि हौशी उमेदवार खरोखरच निवडणूक लढवतो. फोटो काढतो, चिन्ह म्हणून शिवणयंत्र नाही तर कपबशी मिळवतो, रिक्षावर भोंगा लावतो. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतं पडली नाहीत की अनामत जप्त. विधानसभेला ती सर्वसाधारण उमेदवारासाठी 10,000 रुपये असते. तेव्हा हौसेला मोल नाही असं म्हणणाऱ्यांनी म्हण सुधारून घ्यावी. निवडणूक कायद्याने ते ठरवून दिलं आहे आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना त्यात निम्मी सवलतही आहे.

शब्दाची पत कळायची असेल तर तो बारशाला चालतो का ते पाहावं. विलासराव आहेत, रंगराव आहेत. शौकीनराव कुठे नाहीत. मुलींत मात्र हौसा, हौसाबाई ही नावं खेड्यापाड्यांत घरोघर असत. त्यातल्या एक हौसाताई पाटील, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या, 2021 मध्ये गेल्या. 1943 मध्ये प्रतिसरकारच्या लोकांना भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली हत्यारं पळवायची होती आणि त्यासाठी पोलिसांना बाहेर काढणं भाग होतं. तेव्हा 17 वर्षांच्या हौसाताई आणि एक कार्यकर्ता यांनी ठाण्याबाहेर नवरा-बायकोच्या भांडणाचं नाटक उभं केलं. नवरा बायकोला बडवतोय, आता दगडच घालतो म्हणतोय, ती ओरडतेय. पोलीस सोडवायला धावले आणि मागच्या मागे साथीदारांनी बंदुका लांबवल्या. तालीम नाही, मेकअप नाही, एकच प्रयोग, तोही इंग्रज सरकारच्या दारात. घरी परतल्यावर मात्र हौसाताईंनी त्या लुटुपुटीच्या नवऱ्याला धारेवर धरलं, की इतकं जोरात मारायचं काय अडलं होतं? त्याचं म्हणणं, खरं वाटायला नको? हौशी नट भूमिका जरा जास्तच ताणतात, ही परीक्षकांची तक्रार तेव्हापासूनची दिसते.